एरंडेल आणि शंभर प्राइमर

अर्जदार: श्रीमती भावना राजीव खिल्लारे. वय सत्तावन्न. उंची पाच फूट एक इंच, बुटांसकट. मुक्काम ओल्डम, मँचेस्टरपासून ट्रामने पाऊण तास. व्यवसाय: सरकारी इस्पितळाच्या रक्तपेढीत सीनियर बायोमेडिकल सायंटिस्ट. पूर्वीची शिक्षा: नाही. मद्यपान: नाताळच्या पार्टीत अर्धा ग्लास, तोही हातात धरण्यापुरता. मनःस्थिती: जीपीच्या पत्रानुसार स्थिर. शस्त्रे: एक. थ्री-नॉट-थ्री रायफल, निर्मिती १९४३. शस्त्र बाळगण्याचे योग्य कारण: कागदाला भोके पाडणे. सदर व्यक्तीच्या ताब्यात शस्त्र राहिल्याने सार्वजनिक शांततेस धोका संभवत नाही.

पोलिसांच्या फायलीत भावना खिल्लारे एवढीच आहे. ही फाईल दर पाच वर्षांनी उघडते. २०२३च्या नोव्हेंबरात ती उघडायची होती, आणि त्या वर्षी 'योग्य कारण' हा रकाना रिकामा राहील की काय अशी वेळ आली.

रायफलीचा नाद तिला उशिरा लागला. चौदा वर्षांपूर्वी रक्तपेढीतली एक मैत्रीण तिला क्रॅगशॉ रायफल क्लबच्या 'लेडीज डे'ला घेऊन गेली. मैत्रिणीला एकटीला जायचा कंटाळा आला होता, एवढंच. भावनाने दहा गोळ्या झाडल्या, नऊ काळ्या वर्तुळात गेल्या. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने तिचा कागद उलटा धरून पाहिला. मग चहा आला, आणि चहाबरोबर सभासदत्वाचा फॉर्म.

घरी तिच्या आईने, म्हणजे चंदाबाई कडूबा साळवे यांनी, एकच प्रश्न विचारला. "पहिलं शील मोडत नाही ना?"

"कागदावर मारतो आई आम्ही."

"कागदाला जीव नसतो," चंदाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. नवरा राजीव आयटीत आहे. त्याने रायफलीच्या कपाटाला आजतागायत हात लावलेला नाही. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं आहे, पण तो जिन्यावरून जाताना त्याच्यापासून हातभर लांबून जातो.

नेमबाजीत मुरलेली माणसं तयार काडतुसं फारशी विकत घेत नाहीत. उडालेली पितळी पुंगळी उचलून घरी आणतात, साफ करतात आणि पुन्हा भरतात. चार वस्तू लागतात: पुंगळी, पावडर, पुढे बसणारी गोळी आणि बुडाशी बसणारा प्राइमर. प्राइमर म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी पितळी टोपी. रायफलीची सुई तिच्यावर आपटली की ठिणगी पडते. ती पडली नाही तर बाकीच्या तीन वस्तू म्हणजे शोभेचं सामान. प्राइमर घरी बनत नाही आणि पोस्टाने येत नाही. दुकानात स्वतः जाऊन परवाना दाखवला तरच मिळतो.

म्हणजे, मिळायचा. युरोपात युद्ध पेटलं, कारखान्यांना सैन्याच्या ऑर्डरी आल्या, आणि क्रॅगशॉच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे एरवी हवामान आणि हरवलेले हातमोजे एवढाच मजकूर असे, तिथे युद्धभूमीची भाषा सुरू झाली. 'प्रेस्टनच्या दुकानात आलेत. दोनशेची मर्यादा. निघा.' दुकान नऊला उघडायचं, साडेआठला चाळीस गाड्या. पहिल्या पंधरांना मिळाले. उरलेल्यांनी रिकाम्या हाताने परतायला नको म्हणून मिळेल ते घेतलं. या देशात पिस्तूल बाळगायला बंदी आहे. जूनपर्यंत तयार काडतुसंच काय, पिस्तुलाचे प्राइमरही संपले.

भावना यातल्या एकाही रांगेत उभी राहिली नाही. तिला हे सगळं पाठ होतं. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात रक्ताचा अंबर अलर्ट, म्हणजे साठा घटल्याचा सरकारी इशारा, लागला होता. टंचाईची बातमी वॉर्डांत पोचल्यावर अर्ध्या तासात तिचा फोन वाजायला लागला. जो सर्जन महिन्यात एक पिशवी वापरतो त्यालाही चार हव्या होत्या, जपून ठेवायला. भावनाने सगळ्यांना तीन प्रश्न विचारले. कुणासाठी? कशासाठी? कधी लागणार? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक फोन बंद झाले.

त्यामुळे ती म्हणाली, "मला लागतील तेवढे माझ्याकडे आहेत. मी कशाला पळू?"

हे खरं होतं. क्लबचा नियम असा की परवान्यावरच्या रायफलीने वर्षात किमान चार हजेऱ्या लावायच्या, आणि हजेरी म्हणजे तीस काडतुसं उडवायची. पूर्वी एक सभासद वर्षभर फक्त चहाला यायचा आणि सही करून जायचा. हा नियम त्याचं स्मारक आहे. एकतीस ऑक्टोबरला सेक्रेटरी ग्रॅहम पोलिसांना पत्र लिहितो. चार हजेऱ्या असतील तर 'योग्य कारण' आहे. नसतील तर रायफल जमा. भावनाची एक हजेरी झाली होती. उरल्या तीन, म्हणजे नव्वद काडतुसं. कपाटात शंभर प्राइमरची एक डबी होती. हिशोब इतका नीट बसला होता की ती नऊ आठवडे त्याच्याकडे फिरकली नाही.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ती आणि चंदाबाई मागच्या खोलीतल्या टेबलावर बसल्या. हे मायलेकींचं जुनं काम. चंदाबाई त्र्याऐंशीच्या, पुंगळ्या निवडायच्या त्यांनीच. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी पाच-सहा वेळा भरली की बुडाच्या जरा वर एक चमकती रेघ उमटते. ती दिसली की पुंगळी फेकायची, कारण पुढच्या वेळी ती तिथूनच तुटते. भावना ती रेघ भिंगातून शोधते. चंदाबाई स्टीलच्या परातीत पुंगळ्या पसरतात, तांदूळ निवडावेत तसा हात फिरवतात, आणि खराब ती बाजूला काढतात. चौदा वर्षांत त्यांची एक चूक सापडलेली नाही. भावनाने शोधून पाहिली आहे.

तेवढ्यात इस्पितळाचा फोन आला. फ्रिजचा अलार्म वाजत होता, नवी मुलगी घाबरली होती. भावना बोलत बोलत बागेत गेली. प्राइमरची डबी टेबलावर उघडी राहिली. हा तिचा दोष, आणि ती तो कबूल करते. वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा चंदाबाईंनी पुंगळ्या संपवल्या होत्या. एका ताटलीत शंभर प्राइमर पसरलेले होते, आणि ते तुपात परतल्यासारखे चमकत होते.

"आई, हे काय?"

"एरंडेल लावलं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझ्या या मुलखात डाळीला बुरशी येते. वर्षभर ठेवायचं ना हे? तूच म्हणालीस, मिळत नाही म्हणून. मग तुरीला लावतो तसं लावलं. एकेकाला चोळून. दोन बोटांनी."

तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवलं की ती वर्षभर टिकते, हे निर्विवाद आहे. प्राइमरमध्ये तेल झिरपलं की तो ठिणगी टाकत नाही, हेही तितकंच निर्विवाद आहे. दोन्ही गोष्टी एकाच घरात माहीत होत्या, फक्त वेगवेगळ्या खुर्च्यांवर.

भावना ओरडली नाही. तिने खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, "तेल पुसून घेते. बघू." पण तिची बोटं चष्म्याच्या काडीवर जाऊन राहिली, आणि ती असं फारच क्वचित करते.

दुसऱ्या दिवशी तिने क्लबात ग्रॅहमसमोर चाचणी घेतली. पुसून वाळवलेले दहा प्राइमर, रिकाम्या पुंगळ्यांत. सहा वाजले, चार मुके राहिले.

"सहा म्हणजे निम्म्याहून जास्त," ग्रॅहम म्हणाला. तो निवृत्त गॅसफिटर. त्याने आयुष्यात कधी निम्म्यावर गॅस जोडला नसेल, पण भावनाचं तोंड बघून त्याला काहीतरी बरं बोलायचं होतं.

"ग्रॅहम, माझ्या दहा पिशव्यांतल्या चार खराब असल्या तर मी उरलेल्या सहा तुला चढवीन का?"

"नाही."

"मग." तिने उरलेल्या नव्वदांवर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली आणि ते नष्ट करायला त्याच्या हवाली केले.

घरी राजीव म्हणाला, "अ‍ॅमेझॉनवर नाही मिळत?"

"राजीव, तू जेव."

त्यानंतर ती रांगेत उभी राहिली. प्रेस्टन, चेस्टर, एकदा सुट्टी टाकून पार यॉर्कच्या पलीकडे. प्रत्येक ठिकाणी तिच्या पुढे असा एक माणूस असायचा ज्याला नेमके किती हवेत हे माहीत नव्हतं, म्हणून तो सगळे घ्यायचा. सप्टेंबर उजाडला, हजेरी एकच.

तेव्हा ती क्लबच्या वार्षिक सभेत उभी राहिली. क्रॅगशॉत सभेत कुणी उभं राहत नाही. बसल्या जागेवरून कुरकुरतात. ती म्हणाली की चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायचं नाही. प्रत्येकाने आपल्या घरात किती प्राइमर आहेत तेवढा आकडा लिहायचा आणि टोपीत टाकायचा.

"कशाला?" मागून क्लाइव्हने विचारलं. क्लाइव्ह निवृत्त डेंटिस्ट, वय चौऱ्याहत्तर. वसंतापासून 'आता सगळं संपलं' असं तो ग्रुपवर दर आठवड्याला लिहीत असे.

"किती तुटवडा आहे ते कळायला," भावना म्हणाली.

अडतीस चिठ्ठ्या पडल्या. ग्रॅहमने बेरीज केली, मग चष्मा पुसून पुन्हा केली. सत्त्याऐंशी हजार चारशे. सगळा क्लब मिळून वर्षाला बारा हजार उडवतो. म्हणजे तुटवडा खरा होता, फक्त तो सात वर्षांनी येणार होता, आणि तोवर लोकांच्या माळ्यावर पडून राहणार होता.

कुणीतरी उठून किटली लावली.

भावनाने ठराव मांडला: प्रत्येकाने शंभर क्लबकडे द्यावेत, ज्याला ज्या रविवारी लागतील त्याला त्या रविवारी मिळतील, दुकानात माल आला की परत. इस्पितळात हेच करतात. ठराव एकवीस विरुद्ध सोळा मतांनी पडला. ग्रॅहमने मत दिलं नाही, तो बेरीज तिसऱ्यांदा करत होता.

बाहेर पार्किंगमध्ये क्लाइव्ह तिला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, बॅव्ह. पण काळच असा आहे. उद्या काय होईल सांगता येत नाही."

"तुझ्याकडे किती आहेत?"

"चिठ्ठी गुप्त होती."

"गुप्तच राहू दे. किती?"

"अकरा हजार," क्लाइव्ह म्हणाला. कुणाला तरी सांगायची त्याला अनावर इच्छा असावी.

"वर्षाला किती उडवतोस?"

"तीनशे. पाठ बरी असली तर."

भावनाने मनात भागाकार केला. "म्हणजे तू एकशे दहा वर्षांचा होईपर्यंत पुरतील. त्यातले नव्वद मला दे. तू एकशे दहाव्या वर्षी तीन महिने विश्रांती घे."

क्लाइव्ह मनापासून हसला. मग म्हणाला, "नाही." आणि गाडीत बसला.

हे तिने घरी जेवताना सांगितलं. राजीव म्हणाला, दे सोडून, बाई, एका रायफलीसाठी किती नाचायचं. चंदाबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "त्या दातवाल्याकडे पुंगळ्या आहेत का?"

"असतील हजारो. त्याच्याकडे सगळंच आहे."

"निवडलेल्या?"

"त्याला दिसत नाही आता बारीक."

"मग मला घेऊन चल. खराब मी केले, मीच आणीन."

"आई, तू माफी मागायची काही गरज नाही."

"माफी कोण मागतंय? तेल बरोबरच लावलं होतं मी. माल चुकीचा होता."

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दोघी क्लाइव्हच्या दारात उभ्या राहिल्या. चंदाबाईंच्या हातात परात. क्लाइव्हला आधी वाटलं खाऊ आणलाय. भावनाने व्यवहार समजावला: तुझ्या सगळ्या थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळ्या माझी आई निवडेल. एकही खराब सुटली तर आम्ही काही न घेता जाऊ.

"चष्मा लावत नाहीत त्या?" क्लाइव्हने विचारलं.

"काय म्हणतोय?"

"तुला दिसतं का विचारतोय."

"त्याला म्हणावं, तुझ्या बनियनला भोक आहे."

भावनाने एवढं भाषांतर केलं नाही. क्लाइव्हने माळ्यावरून बादल्या उतरवल्या. अडीच हजार पुंगळ्या, काही त्याच्या लग्नाच्या वेळच्या. चंदाबाई त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि साडेचार तास उठल्या नाहीत. पसरायच्या, हात फिरवायचा, उचलायची. "थ्रो," त्या म्हणायच्या. सत्तावीस वर्षांत इंग्रजीतून त्यांनी गरजेपुरतेच शब्द घेतले होते. "थ्रो. थ्रो. गुड. थ्रो."

पहिल्या शंभरातल्या अकरा त्यांनी बाजूला काढल्या तेव्हा क्लाइव्ह म्हणाला, "छे, या चांगल्या आहेत." मग त्याने एक करवतीने उभी कापली. आतून, रेघेच्या जागी, पितळ कागदाएवढं पातळ झालं होतं. त्याने दुसरी कापली. तिसरी कापल्यावर तो खुर्चीवर बसला. मागच्या महिन्यात त्याने याच ढिगातल्या साठ उडवल्या होत्या, गाल रायफलीला टेकवून.

त्याने चहा केला. बिस्किटांची नवी डबी उघडली. एकूण चारशे सहा खराब निघाल्या. चंदाबाईंनी परात पुसली आणि हात पुढे केला.

क्लाइव्ह माळ्यावर गेला आणि शंभरची एक डबी घेऊन आला. ठरलं होतं नव्वद. तो टेबलाशी बसला, डबी उघडली आणि चिमट्याने दहा प्राइमर मोजून परत काढून घेतले. भावनाने परवाना दाखवला, त्याने नंबर लिहून घेतला. दहा परत काढून घेण्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

"कसा माणूस आहे," गाडीत चंदाबाई म्हणाल्या. "दहा काढले बघ."

"ठरलं होतं तेवढे दिले, आई."

"ते आहेच. पण काढले."

आठ ऑक्टोबरला तीस. दुसरी हजेरी. पंधराला क्लबच्या डोंगरावर धुकं, शंभर यार्डांवरचा कागद दिसेना, रेंज बंद. बावीसला तीस. तिसरी. उरला एकच रविवार, एकोणतीस, आणि एकतीसला ग्रॅहमचं पत्र.

त्या दिवशी घड्याळं एक तास मागे गेली होती. हे खिल्लारेंच्या घरात राजीव सोडून कुणाच्या ध्यानात नव्हतं आणि राजीव झोपला होता. मायलेकी तासभर आधी पोचल्या. धुकं होतंच. रेंज एक वाजता बंद होते. खाली गाव आहे, गावाशी तसा करार आहे. दहा वाजले. अकरा वाजले. चंदाबाई क्लबहाउसच्या खिडकीत शाल गुंडाळून बसल्या आणि धुक्याकडे असं पाहत राहिल्या जणू ते कुणीतरी सांडून ठेवलं होतं. सव्वाबाराला पलीकडचा कठडा दिसला, वीस मिनिटांनी कागद. ग्रॅहमने लाल झेंडा वर केला, म्हणजे गोळीबार सुरू.

पंचवीस मिनिटं, तीस काडतुसं. बोल्टचा दांडा मागे, पुढे, श्वास, घोडा. भावना घाई करत नव्हती. ती फक्त थांबत नव्हती. अठ्ठाविसावी सुटली तेव्हा एकला आठ मिनिटं होती. एकोणतिसाव्या वेळी तिने घोडा ओढला आणि फक्त 'टक्' असा आवाज झाला.

रेंजवर या आवाजानंतर कुणी हलत नाही. प्राइमर उशिरा पेटू शकतो, म्हणून रायफल तशीच निशाणाकडे धरून पूर्ण एक मिनिट थांबायचं. एरंडेलाची गोष्ट एव्हाना सगळ्यांना माहीत झाली होती. तेवढ्यात खिडकीतून मराठीत खणखणीत आवाज आला:

"याला मी हात लावला नव्हता!"

"काय म्हणाल्या त्या?" ग्रॅहमने घड्याळावरची नजर न काढता विचारलं.

"वेळ सांग," भावना म्हणाली.

"पन्नास. पंचावन्न. साठ. पुन्हा ताण, पुन्हा मार. एकदाच."

तिने सुई पुन्हा ताणली आणि घोडा ओढला. सुटली. प्राइमर पुंगळीत पुरता बसला नव्हता, पहिल्या ठोक्याने तो बसला आणि दुसऱ्याने पेटला. तो बसवला होता भावनाने, शुक्रवारी, घाईत. हे तिने आपणहून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. तिसावी एकला पाच मिनिटं असताना गेली.

ग्रॅहमने वहीत चौथी हजेरी मांडली. क्लाइव्ह पुढे येऊन कागद पाहून म्हणाला, "एकोणतिसावी जरा डावीकडे गेली."

"हो," भावना म्हणाली.

नोव्हेंबरात चौकशी अधिकारी घरी आला. त्याने कपाटाचे बोल्ट हलवून पाहिले, किल्ल्या कुठे असतात ते विचारलं, चंदाबाईंनी दिलेला चहा प्यायला, आणि अर्जदाराकडे योग्य कारण असून ते चालू आहे असं लिहून नेलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवाना आला. मुदत पाच वर्षं. त्यानुसार श्रीमती खिल्लारे यांना एका वेळी थ्री-नॉट-थ्रीची सहाशे काडतुसं बाळगण्याचा अधिकार आहे.

घरात एकही नाही.